बाधिर्य आणि कर्णपूरण : उपयोग व मर्यादा

“ऐकू कमी येते, कानात घालावयास तेल द्या,” ही मागणी औषधालयांत नित्याची आहे आणि बहुधा बिल्व तैलाची बाटली दिली जाते. कान मात्र कोणी पाहिलेला नसतो. आमचा आक्षेप त्यावर आहे.

कर्णपटल अखंड असल्यास कर्णपूरणाचे द्रव्य तेथेच थांबते. म्हणून निश्चित लाभ बाह्य कर्णमार्गाच्या विकारांत. कर्णगूथजन्य बाधिर्यात सुश्रुताने तैलाने मल मृदू करून, स्वेदन देऊन, शलाकेने शोधन सांगितले आहे. काही रात्री कोमट तैलाचे थेंब आणि नंतर प्रत्यक्ष पाहून शोधन, हा क्रम आजही उपयुक्त आहे. मळ सुटताना ऐकणे काही काळ अधिकच मंदावू शकते, हे रुग्णास आधी सांगावे. तैल देहोष्ण असावे. थंड वा अतिउष्ण द्रव्याने भोवळ येते.

बिल्व तैल बाधिर्याधिकारात आहे हे खरे. परंतु बालक, वृद्ध व जुनाट रुग्णांतील बाधिर्य शास्त्रानेच वर्ज्य म्हटले आहे. बाटलीवरील मजकुरात ते दिसत नाही! अंतःकर्णातील नष्ट झालेल्या संवेदी पेशी पुन्हा उत्पन्न होत नाहीत. अशा वृद्धास श्रवणयंत्राचा सल्ला देण्यात कमीपणा कसला? बालकाची श्रवणतपासणी तर विनाविलंब करवावी, कारण त्याच्या भाषेचा विकास त्यावर अवलंबून असतो.

सर्वांत मोठा धोका आकस्मिक बाधिर्यात. एक-दोन दिवसांत एका कानाने ऐकू येईनासे झाले आणि कर्णमार्ग स्वच्छ दिसला, तर ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क कपाळाच्या मध्यावर ठेवावा. ध्वनी बऱ्या कानाकडे ऐकू आला, तर दोष बहुधा अंतःकर्णाचा वा नाडीचा असतो. त्या रुग्णास त्याच दिवशी कर्णतज्ज्ञांकडे पाठवावे. स्टेरॉइड चिकित्सेचा लाभ पहिल्या दोन आठवड्यांत अधिक मिळतो; “आठ दिवस तेल घालून पाहू” म्हणण्यात हाच काळ वाया जातो.

पू वाहत असल्यास, पडद्यास छिद्र असल्यास वा पूर्वी कानाची शस्त्रक्रिया झाली असल्यास तैल घालू नये. म्हणून विक्रेत्यांनी बाटली देण्यापूर्वी विचारावे : कान वाहतो का? दुखतो का? ऐकणे केव्हापासून कमी झाले? लहान मुलाने कानात काही घातले आहे का? घड्याळाचा बटन-सेल अडकला असल्यास एकही थेंब न घालता त्यास तातडीने रुग्णालयात न्यावे.