आपला गडी पुढे कुठे जातो?

आपल्या जिमखान्याच्या खोलीत, कॅरमच्या बोर्डांच्या वरच्या भिंतीवर, महाविद्यालयाच्या कबड्डी संघांची छायाचित्रे ओळीने लावलेली आहेत. प्रत्येकात खुर्चीवर प्राचार्य, शेजारी क्रीडाशिक्षक, पुढे जमिनीवर ढाल. आणि खाली 'डावीकडून उभे' व 'डावीकडून बसलेले' अशा दोन ओळींत नावे. गेल्या श्रावणात एकदा पावसाने मुलींचा सराव बंद पडला. पनवेलचा पाऊस कसा असतो हे वाचकांना सांगायला नको. तास-दीड तास त्या खोलीत अडकून पडल्यामुळे ती सगळी नावे मी वाचून काढली. वाचताना मनात आले, की ही मंडळी पुढे गेली कुठे? दूरदर्शन संचावर दर वर्षी व्यावसायिक कबड्डी लीग बघताना आमच्या आळीतले लोक एखाद्या चढाईपटूकडे बोट दाखवून "हा आपल्याकडचा" असे ठासून सांगतात. पण कोणत्या गावचा, कोणत्या महाविद्यालयाचा, असे विचारले की सगळे गप्प होतात.

त्या दिवशी एका वहीत तीन रकाने आखले: कुठे शिकला, कुठे खेळला, सध्या काय करतो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या वहीचा हिशेब आहे. तो पुरा नाही, हे आधीच कबूल करते.

प्रो कबड्डी लीगची सुरुवात २६ जुलै २०१४ रोजी मुंबईत वरळीला झाली. आठ संघ होते. पहिल्या लिलावात सर्वांत महाग ठरलेला राकेश कुमार पाटण्याच्या संघाला १२ लाख ८० हजार रुपयांना मिळाला. त्या वेळी ही रक्कम ऐकून लोकांनी तोंडात बोटे घातली होती. चारच वर्षांनी, २०१८ च्या लिलावात, सहा खेळाडू एक कोटीच्या घरात किंवा पुढे गेले. मोनू गोयतला १ कोटी ५१ लाख मिळाले आणि त्या सहांत मुंबईचा रिशांक देवाडिगा १ कोटी ११ लाखांवर होता. पुढे २०२३ मध्ये पवन सेहरावतने दोन कोटी साठ लाखांचा आकडा गाठला. म्हणजे हुतूतू म्हणून शाळेमागच्या मातीत खेळला जाणारा आपला खेळ दहा वर्षांत कोटींच्या भाषेत बोलू लागला.

पण मागोवा घेणाऱ्याची अडचण इथेच सुरू होते. संघांची नावे शहरांची, गडी मात्र भलतीकडचे. पहिल्या हंगामात मुंबईच्या संघाचा कर्णधार हरियाणाचा अनुप कुमार होता आणि दिल्लीकडून चढाया करत होता सांगली जिल्ह्यातला काशिलिंग आडके. ह्याच काशिलिंगने २०१५ च्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण मिळवले. नंतर तो मुंबईकडे आला. संघ दर लिलावात बदलतो. म्हणून संघाच्या नावावरून माणूस शोधणे म्हणजे एस.टी.च्या पाटीवरून प्रवाशाचे गाव ओळखण्यासारखे आहे. खेळाडूच्या माहितीत वय, वजन, चढाया, पकडी, बोनस, अव्वल चढाया आणि अव्वल पकडी हे सर्व मिळते. तो कोणत्या महाविद्यालयात शिकला, हे मात्र सहसा मिळत नाही.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलची गोष्ट नेमकी उलटी आहे, म्हणून थोडे विषयांतर करते. तिथे महाविद्यालयाचा संघ हा व्यावसायिक लीगचा मुख्य दरवाजा आहे. एन.बी.ए. ह्या त्यांच्या लीगमध्ये ३० संघ आहेत आणि ते दर वर्षी नव्या खेळाडूंची दोन फेऱ्यांत निवड करतात. खेळाडू व्यावसायिक झाला तरी त्याच्या नावापुढे महाविद्यालयाचे नाव जन्मभर लागते. सामना सुरू होण्यापूर्वी ते पुकारलेही जाते. त्यामुळे तिथल्या लहानशा गावातला माणूससुद्धा आपल्या महाविद्यालयाचे कोणते गडी कोणत्या संघात आहेत आणि काल रात्री त्यांनी किती गुण केले, हे तोंडपाठ सांगू शकतो.

स्टीफन करी हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकले असेल. तो उत्तर कॅरोलिना राज्यातल्या डेव्हिडसन ह्या सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाचा. विद्यार्थिसंख्या वाचून मला आपल्याच महाविद्यालयाची आठवण झाली. २००९ साली, तीन वर्षे शिकून, पदवी न घेता तो व्यावसायिक खेळात गेला आणि सातव्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे त्याने चार अजिंक्यपदे मिळवली, जगभर नाव झाले. डेव्हिडसनमध्ये मात्र एक नियम होता: पदवी घेतल्याशिवाय कोणाही खेळाडूच्या सदऱ्याचा क्रमांक सन्मानाने कायमचा राखून ठेवायचा नाही. करीसाठीही त्यांनी नियम वाकवला नाही. शेवटी तेरा वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याने राहिलेला अभ्यासक्रम पुरा करून समाजशास्त्राची बी.ए. मिळवली आणि त्याच वर्षी ३१ ऑगस्टला त्याचा ३० क्रमांकाचा सदरा महाविद्यालयाने राखून ठेवला. मायकेल जॉर्डननेही १९८४ मध्ये तीन वर्षांनंतर विद्यापीठ सोडले होते. तो परत जाऊन १९८६ मध्ये भूगोलाची पदवी घेऊन बाहेर पडला. जगातल्या सर्वांत मोठ्या बास्केटबॉलपटूने भूगोलाचे पेपर दिले, हे कळल्यावर आमच्या वर्गातल्या भूगोलवाल्यांचा उर भरून आला होता. असो.

तिथली पद्धत सर्वस्वी निर्दोष आहे असे नाही. महाविद्यालये ह्या सामन्यांवर अफाट पैसा मिळवत आणि खेळणाऱ्या मुलांना शिष्यवृत्तीपलीकडे फारसे काही घेता येत नसे. स्वतःच्या नावावर कमाई करण्याची मुभा त्यांना जुलै २०२१ पासून मिळाली. पण गडी आपला आहे ही जाण तिथे तुटत नाही.

आपल्याकडे ती का तुटते, ह्याचे कारण खेळाच्या इतिहासात आहे असे मला वाटते. कबड्डीला घडवले ते व्यायामशाळांनी आणि मंडळांनी. १९२३ मध्ये बडोद्याला हिंद विजय जिमखान्याने नियम बांधून स्पर्धा भरवल्या. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने परदेशी प्रेक्षकांपुढे हा खेळ करून दाखवला. पुढे शंकरराव म्हणजे बुवा साळवी ह्यांच्यासारख्यांनी संघटना उभी केली, आणि १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. ह्या सगळ्यात महाविद्यालय कडेला उभे. आजही आपल्या रायगडात भातकापणी झाली की गावोगाव दिव्यांच्या उजेडात रात्रभर सामने चालतात, आणि गडी ओळखला जातो तो गावाच्या मंडळावरून. मंडळातून जिल्ह्याच्या संघात, तिथून राज्याच्या, आणि नशीब असेल तर एखाद्या कंपनीच्या किंवा बँकेच्या संघात नोकरीसह, अशी ही वाट. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा ही त्या वाटेवरची एक धर्मशाळा म्हणावी. दोन-तीन वर्षे मुक्काम, मग पुढचा प्रवास.

नोकरीचा हा टप्पा लीगच्या झगमगाटात नजरेआड होतो, पण घरातल्या माणसांच्या दृष्टीने खरा व्यावसायिक खेळ तोच होता. लीगचा करार हंगामापुरता, नोकरी निवृत्तीपर्यंत. त्या वाटाही आता अरुंद होत आहेत. देना बँकेचा कबड्डी संघ मुंबईत नावाजलेला होता. ती बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोद्यात विलीन झाली. एअर इंडियाच्या संघात जागा मिळणे हे कित्येकांचे स्वप्न होते. ती कंपनी जानेवारी २०२२ मध्ये सरकारकडून टाटांकडे गेली. उद्याच्या गड्याने नोकरीचा भरवसा कोणावर ठेवायचा, हा प्रश्न लिलावातल्या कोटींनी सुटलेला नाही.

सिद्धार्थ देसाईचे उदाहरण मी वहीत दोन पाने भरून लिहिले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्याचा हा उंचापुरा चढाईपटू २०१८ मध्ये मुंबईच्या संघाने ३६ लाख ४० हजारांना घेतला. पहिल्याच हंगामात त्याने २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण केले आणि सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १ कोटी ४५ लाख मोजले. त्या लिलावातली ती सर्वोच्च बोली होती. त्यानंतरच्या, म्हणजे आठव्या हंगामात मात्र दुखापतीमुळे तो फार थोडे सामने खेळू शकला. पुढे तो सावरला, दुसऱ्या संघांतून खेळलाही. परंतु एका वर्षी सर्वांत महाग असलेला गडी पुढच्याच हंगामात बाकावर बसतो, हे पाहिल्यावर माझ्या तिसऱ्या रकान्याला, 'सध्या काय करतो' ह्याला, वेगळेच वजन आले. गुणांचा तक्ता चढत्या काळात बघायला सोपा असतो. उतरत्या काळात तो कोणी उघडत नाही.

आनंदाच्या नोंदीही आहेत. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून प्रथमच अजिंक्यपद मिळवले. कर्णधार होता नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. आकाश शिंदे, पंकज मोहिते हे महाराष्ट्राचे गडी त्याच संघात. त्याआधी काही महिने अस्लम आणि आकाश हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होते. त्या रात्री आमच्या आळीत फटाके वाजले. "हा आपल्याकडचा" हे वाक्य त्या दिवशी तरी खरे होते.

मुलींच्या छायाचित्रांपाशी आले तेव्हा वहीतला मधला रकाना भरायला काहीच सापडेना. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने तीन संघांची महिला मालिका झाली. त्यातल्या एका संघाची कर्णधार होती अभिलाषा म्हात्रे, आशियाई सुवर्णपदक विजेती आणि अर्जुन पुरस्काराची मानकरी. नंतरच्या हंगामांत ती मालिका पुन्हा भरली नाही. म्हणजे ज्या खेळात आपल्या मुली देशासाठी पदके आणतात, त्या खेळात त्यांचा मागोवा लीगमध्ये घेऊ म्हटले तर मैदानच नाही. मी स्वतः डाव्या कोपऱ्याला खेळते, म्हणून हे लिहिताना माझा स्वर जरा चढला असल्यास संपादकांनी क्षमा करावी.

आता जिमखान्याच्या भिंतीकडे वळते. एकच छायाचित्र घेतले, काही वर्षांपूर्वीचे, बारा खेळाडूंचे. जुने विद्यार्थी, क्रीडाशिक्षक, एका पानाच्या टपरीचे मालक ह्यांना विचारत त्यातले आठ जण सापडले. दोघे पोलिसात आहेत, एक शिक्षक, एकाची स्वतःची रिक्षा, दोघे कळंबोलीच्या लोखंड बाजारात, एक वडिलांबरोबर मासळीच्या धंद्यात. लीगमध्ये एकही नाही. आठवा, 'डावीकडून उभे' मध्ये तिसरा, लीगच्या एका संघाच्या निवड शिबिरापर्यंत पोचला होता.

त्या दादांना मी त्यांच्या कामाच्या ठिकाणी भेटले. ते न्हावा-शेव्याकडच्या एका गोदामात पाळीवर असतात. शिबिरात काय झाले ते त्यांनी विनातक्रार सांगितले. आयुष्यभर मातीवर अनवाणी खेळलेला माणूस. मॅटवर बूट घालून वळताना पाय अडकायचा, मातीत जसा घसरवून काढता येतो तसा निघायचा नाही. तिसऱ्या दिवशी गुडघा गेला. संघाने डॉक्टर दाखवला, गाडीभाडे दिले, आणि घरी पाठवले. शिबिर आणि तृतीय वर्षाची परीक्षा एकाच पंधरवड्यात होती. त्यांनी शिबिर निवडले होते.

"चूक वाटते का?" असे मी विचारले. "तू काय निवडले असतेस?" असे त्यांनी उलट विचारले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. परीक्षा बुडवण्याचा विचारसुद्धा मला झेपला नसता. पण त्यांच्या घरातलेही ते पहिलेच होते, आणि त्यांना कोणी करीची गोष्ट सांगितली नव्हती. मी ती सांगितली. तेरा वर्षांनी पदवी घेतल्याचे ऐकून त्यांनी बोटांवर स्वतःची वर्षे मोजली.

नंतर म्हणाले, "माझे दोनच पेपर राहिलेत. एक अर्थशास्त्राचा."

दुसऱ्या आठवड्यात मी कार्यालयात जाऊन चौकशी केली. कोणती कागदपत्रे लागतात ते खिडकीवरच्या बाईंनी एका चिठ्ठीवर लिहून दिले. जुनी गुणपत्रिका, दोन छायाचित्रे, अर्ज. गुणपत्रिका आईच्या पत्र्याच्या पेटीत आहे, असे दादांनी फोनवर सांगितले. रविवारी सुट्टी आहे, तेव्हा शोधतो म्हणाले.