पाडव्याचे साल आणि भेंडीचा हंगाम

सामाईक भाजीमळा म्हणजे एकाच वावराचे दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून, एका विहिरीच्या पाण्यावर अनेक कुटुंबांनी घरापुरता आणि थोडा विक्रीपुरता भाजीपाला पिकवण्याची व्यवस्था होय. इंग्लंडात अशा जमिनीला ‘अलॉटमेंट’ म्हणतात, 1908 च्या कायद्याने तेथील स्थानिक संस्थांवर ती उपलब्ध करून देण्याची जबाबदारी टाकलेली आहे, आणि तेथील रूढ तुकडा सुमारे अडीचशे चौरस मीटरचा, म्हणजे आपल्याकडील अडीच गुंठ्यांच्या जवळपास असतो. वाशीम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावसारख्या गावात असा मळा उभा करायचा तर तो खाजगी मालकाच्या वावरावर, मक्त्याने, आणि बहुधा तोंडी बोलण्यावरच उभा करावा लागतो. मक्ता म्हणजे पिकाच्या वाट्याऐवजी ठरावीक रोख रक्कम देऊन वर्षभरासाठी वावर घेणे, किंवा ती रक्कम. मालक आणि कसणारा पीक वाटून घेतात ती बटई वेगळी.

मक्त्याचे साल परंपरेने गुढीपाडव्यापासून मोजले जाते, कारण सालगड्याची नेमणूकही त्याच दिवशी होते आणि सोयाबीन, तूर, कपाशी यांवर चालणाऱ्या कोरडवाहू शेतीत त्या सुमारास वावर मोकळे असते. भाजीपाल्याचे साल मात्र पाडव्याला संपत नाही, आणि या एका विसंगतीकडे दुर्लक्ष केल्यामुळे कामरगाव शिवारातील नऊ कुटुंबांचा मळा बुडाला; त्यांत प्रस्तुत लेखकाचेही कुटुंब होते.

विसंगती नेमकी कशी ते समजण्यासाठी मळ्याचे वर्ष पाहणे आवश्यक आहे. पावसाळ्यात येथील भारी काळी जमीन पाणी धरून ठेवते, मिरची-टोमॅटोची मुळे सडतात, म्हणून गादीवाफे, म्हणजे वीतभर उंच केलेले वाफे, करावे लागतात आणि भरवसा दोडकी, कारली, बरबटी, अंबाडी यांच्यावरच ठेवावा लागतो. दसरा-दिवाळीनंतर मेथी, पालक, वांगी आणि सांबार (वऱ्हाडात कोथिंबिरीला सांबार म्हणतात) यांचे दिवस येतात. हा हंगाम डोळ्यांना सुखावतो, परंतु त्याच सुमारास सर्वांकडेच मेथी असल्यामुळे कारंजाच्या बाजारात जुडीला भाव राहत नाही आणि पाठीवर नेलेले ओझे कधी कधी तेथेच सोडून यावे लागते. रात्री रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुकरे वाफे तुडवतात, त्यामुळे थंडीत आळीपाळीने जागलीला बसणे हाही मळ्याच्या कामाचाच भाग ठरतो. पैसा होतो तो उन्हाळी हंगामात. भेंडी, गवार, ढेमसे, काकडी ही पिके जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लावली जातात, भेंडीचा पहिला तोडा साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी येतो, आणि त्या वेळी बहुतेकांच्या विहिरी तळ गाठत असल्यामुळे ज्याच्याकडे पाणी त्याच्याकडे गिऱ्हाईक येते. मार्चच्या उत्तरार्धात किंवा एप्रिलच्या पूर्वार्धात येणारा पाडवा नेमका या पहिल्या-दुसऱ्या तोड्यावर येऊन पडतो. वर्षभराची मेहनत ज्या दोन महिन्यांत वसूल व्हायची, ते दोन महिने पाडव्याच्या पलीकडे असतात.

उपरोक्त नऊ कुटुंबांनी अर्धा एकर वावर घेतले तेव्हा ते बोरी-बाभळींच्या वेढ्यात पडीक होते आणि विहीर गाळाने निम्मी भरलेली होती. बोलणे तीन वर्षांचे झाले होते, ते मालकाच्या ओट्यावर चहा घेताना झाले होते, आणि त्या वेळी हजर असलेल्या माणसांची नावे आजही सांगता येतात. पहिल्या उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढला गेला, तलावातील बारा ट्रॉल्या गाळ आणि पाच ट्रॉल्या शेणखत वावरात पसरले गेले, धुऱ्यावरील, म्हणजे बांधावरील, काट्या तोडून कुंपण झाले, आणि या सर्वाचा खर्च नऊ घरांनी समान वाटून घेतला. मालकाने एक रुपयाही दिला नाही आणि कोणी तो मागितलाही नाही, कारण तीन वर्षांत तो निघेल असा हिशेब होता.

दुसऱ्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवरील मोटार सुरू झाली नाही. शेतीची वीज पाळीने येत असल्यामुळे ती गेली असेल असे समजून पाणी देण्याच्या पाळीवर आलेल्या दोन स्त्रिया आणि प्रस्तुत लेखक विहिरीच्या काठावर बसून राहिले. दोन तासांनी शेजारच्या वावरातील मोटारीचा आवाज कानावर आला, तेव्हा स्टार्टरची पेटी उघडली गेली आणि आतील तिन्ही फ्यूज काढून नेलेले दिसले. काय झाले आहे ते त्या रिकाम्या खाचांकडे पाहतानाच उमगले. धुऱ्यावर मालक एका अनोळखी गृहस्थाला वावर दाखवत होता, तो गृहस्थ वाकून मूठभर माती उचलून बोटांनी चोळून पाहत होता, आणि ती माती बारा ट्रॉल्यांची होती. विचारणा केल्यावर मिळालेले उत्तर एवढेच होते, “साल पाडव्याले संपते, वावर मोकळं करून द्या.” तीन वर्षांच्या बोलण्याची आठवण दिली असता त्याने कागद मागितला. भेंडीचे एक पीक तरी घेऊ द्यावे, त्या दोन महिन्यांचा मक्ता वेगळा घ्यावा, अशी विनंती केली गेली, तीही फेटाळली गेली. एप्रिलच्या उन्हात पाण्यावाचून भेंडी आठवडाभरात माना टाकून बसली. पुढे गावात असे पसरवले गेले की या लोकांनी पाण्याच्या पाळ्या पाळल्या नाहीत म्हणून वावर परत घेतले. पाळ्यांची वही प्रत्येक दिवसाच्या सहीसह आजही उपलब्ध आहे आणि तिच्यात एकही दिवस रिकामा नाही.

कायद्याचा आधार शोधला असता जे हाती लागते ते अपुरे आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 मध्ये, अनिश्चित मुदतीचा भाडेपट्टा घेणाऱ्याच्या चुकीशिवाय संपला तर उभे पीक काढून नेण्याचा हक्क त्याला दिलेला आहे, परंतु त्याच प्रकरणाच्या कलम 117 नुसार शेतीसाठीच्या भाडेपट्ट्यांना ते प्रकरण, शासनाने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाही. कुळवहिवाट म्हणजे दुसऱ्याची जमीन कूळ म्हणून कसणे, आणि तसे कसणाऱ्याला कायद्याचे संरक्षण मिळते. विदर्भासाठी त्याचा 1958 चा स्वतंत्र कायदा आहे, आणि त्याच कायद्याच्या धास्तीने मालक मक्त्याचा कागद करत नाहीत. याउलट इंग्लंडच्या 1922 च्या कायद्याने अलॉटमेंट सोडण्याची नोटीस 6 एप्रिलपर्यंत किंवा 29 सप्टेंबरला वा त्यानंतरच संपावी असे ठरवून दिले, 1950 मध्ये त्या नोटिशीची मुदत सहा महिन्यांवरून बारा महिन्यांवर नेली गेली, आणि उभ्या पिकाची व टाकलेल्या खताची भरपाई देण्याची तरतूदही त्याच 1922 च्या कायद्यात होती. पीक उभे असताना वावर काढून घेणे हा अन्याय आहे, हे तेथे शंभर वर्षांपूर्वी कायद्याने मान्य झाले.

म्हणून जे असा मळा करू इच्छितात त्यांनी पाडव्याला साल धरूच नये. 15 जून ते 15 मे अशी अकरा महिन्यांची मुदत धरावी. तिच्यात उन्हाळी भेंडीचे तोडे बसतात, आणि नोंदणी कायद्यानुसार सालोसाल चालणारा किंवा वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, ती अडचणही मुदतीपुरती टळते. मालक जमिनीचा कागद देत नसेल तर त्याच्याकडे जमिनीचा कागद मागत बसू नये, विहिरीचा गाळ, शेणखत व कुंपण यांवरील खर्चाची पावती मागावी, कारण ती पावती म्हणजे जमिनीचा कागद नव्हे आणि ती द्यायला तो नकार देत असेल तर त्याचा मनसुबा पहिल्याच दिवशी कळतो. पहिल्या वर्षी दुसऱ्याच्या वावरात एक ट्रॉलीही गाळ टाकू नये; शेणखत आपापल्या वाफ्यापुरते टाकावे. स्टार्टरच्या पेटीची किल्ली कोणाकडे राहील हे बोलण्यातच ठरवावे. माती तपासून घ्यावी, भेंडीसाठी केवड्याला, म्हणजे पाने पिवळी करणाऱ्या विषाणूजन्य रोगाला, प्रतिकारक म्हणून निर्माण केलेले ‘परभणी क्रांती’सारखे वाण निवडावे, पाच टक्के निंबोळी अर्क वेळेवर फवारावा आणि आपसात एकी ठेवावी, हे सर्वांना ठाऊक आहेच. बोलणे चहाच्या ओट्यावर झाले तरी हरकत नाही, मात्र त्याच संध्याकाळी ते दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी वहीत उतरवावे.

ज्या अर्ध्या एकराला पूर्वी कोणी विचारत नव्हते, त्याचा मक्ता आता दुप्पट झालेला आहे, आणि विहिरीचा गाळ काढण्यासाठी नऊ घरांनी दिलेले पैसे अद्याप कोणालाही परत मिळालेले नाहीत.