उंबरठ्याची साक्ष



चातुर्मासात कीर्तनाच्या निमित्ताने यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यात, बोरी अरब या गावी आमचा मुक्काम पडला होता. पावसाने उघडीप दिली होती. दुपारचे भोजन आटोपून एका माळकरी शेतकऱ्याच्या सपरीत आम्ही जरा टेकलो होतो. चार मंडळी जमली आणि बोलणे निघाले ते जवळच्या एका वाडीतील देवळाचे. त्या वाडीचे एक गृहस्थ म्हणाले, "महाराज, देऊळ लय जुनं झालं. पोट्टे म्हणतात, पाडा अन् नवं बांधा. उंच जोतं, गुळगुळीत फरशी, मंडपाले लोखंडी जाळीचं दार. वर्गणी बी जमून राहिली. तुमचं काय म्हणणं?"

आम्ही उत्तर देणार, तोच कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी बोलली, "अन् बाप्पा, ओसरी राहीन का नाई, ते इचारा ना! नकाशात ओसरीच नाई म्हणतात. मंग आमी भजनाले बसाचं कुठं?"

त्या वेळी आम्ही दोन शब्द सांगितले, परंतु आमचेच समाधान झाले नाही. प्रश्न वरवर चुन्या-विटांचा दिसतो. खरा तो माणसांचा आहे. मनुष्य तोंडाने काहीही सांगेल, पण तो घर कसे बांधतो, दार कोणीकडे ठेवतो, कोणाला कुठवर येऊ देतो, यावरून त्याच्या मनात काय आहे ते कळते. हाच विषय आज घेऊ.

घर काय सांगते?

ज्या सपरीत आम्ही बसलो होतो, तिथूनच आरंभ करू. वऱ्हाडातला जुना शेतकरी गाव वसवी तो पांढरीवर. काळी त्याने पिकासाठी राखली. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यावर भिंत टिकत नाही. म्हणजे घराची जागा ठरवतानाच अन्न देणाऱ्या जमिनीचा मान राखला जाई. मातीच्या जाड भिंती, सागाचे लाकूड, वर कवेलू. वैशाखाचे ऊन त्या भिंतीतून आत यायला संध्याकाळ होते. आणि रस्त्याच्या बाजूस ही सपरी. वाटसरू आला, टेकला, पाणी प्याला, उठून गेला; त्याला विचारावे लागत नाही. घरमालकाने आपल्या सावलीचा एक भाग रस्त्याला देऊन टाकलेला असतो.

पण खरे ते सगळेच सांगितले पाहिजे. हीच सपरी दुसरीही गोष्ट सांगे. कोणी सपरीपर्यंतच यावे, कोणी माजघरात यावे, कोणी अंगणाच्या बाहेरच उभे राहावे, हे जुन्या गावात जन्मावरून ठरलेले होते. गावाची रचनाही तशीच. मध्ये चावडी आणि देऊळ, भोवती घरे, मग गावकूस, आणि कुसाबाहेर काही बांधवांची वस्ती. ज्या गावाने वाटसरूला सावली दिली, त्याच गावाने आपल्याच माणसांना कुसाबाहेर ठेवले. दोन्ही गोष्टी आपल्याच हातांनी बांधलेल्या आहेत.

देशोदेशीची साक्ष

आता दृष्टी थोडी दूर नेऊ. पुण्याचा शनिवारवाडा १७३२ साली पुरा झाला. त्याच्या दिल्ली दरवाजावर मोठमोठे अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीने धडक देऊन दार फोडू नये म्हणून ती योजना. राजसत्तेला भय असते आणि ते दारावर दिसते. आमच्या शेतकऱ्याच्या सपरीला दारच नाही.

जपानात इसे येथे एक पवित्र देवस्थान आहे. तेथील लाकडी मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर जसेच्या तसे नवे बांधतात; २०१३ साली ते बासष्टाव्या वेळी झाले. लाकूड जपण्यापेक्षा सुताराच्या हातची विद्या जपावी, बापाने लेकाला शिकवावी, असे त्या समाजाला वाटले. आपल्याकडे दरसाल भिंती लिंपणारी, अंगण सारवणारी मायमाउली तीच गोष्ट न बोलता करीत आली.

मशिदीत मूर्ती नाही. मक्केच्या दिशेची भिंत आणि तीत एक कोनाडा असतो. उपासक खांद्याला खांदा लावून ओळीत उभे राहतात. ईश्वराला आकार नाही आणि त्याच्यापुढे सगळे एका ओळीत, ही शिकवण त्या मोकळ्या जमिनीनेच दिली आहे. फ्रान्स देशात शार्त्र गावचे मोठे चर्च ११९४ च्या आगीनंतर पुन्हा उभे राहिले. उंच कमानींनी माणसाची नजर आपोआप वर जावी अशी त्याची बांधणी. परंतु आम्हांस अधिक आवडते ती त्याच्या खिडक्यांची रंगीत काच. तिच्यावर संतांच्या कथांबरोबर पाव भाजणारे, जोडे शिवणारे, सुतारकाम करणारे कारागीरही रंगविलेले आहेत.

तशी आपल्याकडेही खूण आहे. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या डोंगरात, जेथे एकवीरा आईला लोक जातात, तेथेच सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे बौद्ध चैत्यगृह आहे. त्यावरील लेखांतून देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी आहे, यवन आहेत, आणि दार घडविणारा एक सुतारही आहे. श्रेष्ठी आणि सुतार यांची नावे एकाच दगडावर!

वीट, पायरी आणि कूस

मग आपल्या संप्रदायाची खूण कोणती? वाचकहो, आमच्या संप्रदायाचे पहिले बांधकाम म्हणजे एक वीट. पुंडलिकराय आईबापांच्या सेवेत गुंतले होते. देव दारी आला तर बसायला म्हणून वीट पुढे केली. देव तिच्यावर अजून उभा आहे. सेवा आधी, देवाचे आसन मागून. याहून लहान इमारत जगात नसेल!

पुढे पंढरीस मंदिर वाढले. देवगिरीच्या रामदेवराव यादवाच्या काळात, शके ११९५ ते ११९९, म्हणजे इ. स. १२७३ ते १२७७ या वर्षांत मंदिरासाठी ज्यांनी देणग्या दिल्या त्यांची नोंद चौऱ्याऐंशीच्या शिलालेखात आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून ज्याला पाठ घासतात तोच हा दगड. पुष्कळांना तो पाठ लावण्यापुरता ठाऊक असतो. त्यावर आपल्या पूर्वजांच्या वर्गणीचा हिशेब आहे, हे ठाऊक नसते.

पंढरीचा गाभारा लहान आहे. पण तेथे भक्ताला विटेपर्यंत जाऊन पायांवर डोके ठेवता येते. पुष्कळ मोठ्या देवस्थानांत भक्ताने दुरूनच हात जोडायचे असतात. आमच्या इमारतीची थोरवी शिखराच्या उंचीत नाही, ती या पायापर्यंतच्या वाटेत आहे.

आता महाद्वारापाशी या. तेथे दोन स्मारके आहेत. एक नामदेवरायांची पायरी. इ. स. १३५० मध्ये त्यांनी परिवारासह तेथे देह ठेवला, संतांच्या पायांची धूळ माथ्यावर पडावी हा हेतू, असे परंपरा सांगते. नामदेव आत जाऊ शकत होते. त्यांनी पायरी मागून घेतली.

दुसरे स्मारक चोखोबारायांच्या समाधीचे. चोखोबा मंगळवेढ्याचे. तेथे गावकुसाचे काम चालू असता कूस कोसळली आणि तिच्याखाली ते व इतर मजूर गेले. साल १३३८ मानतात. नामदेवराय तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू येईल त्या चोखोबांच्या, अशी ओळख पटवून त्या पंढरीस आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली, अशी कथा आहे. माउली, जरा थांबून विचार करा. ज्या कुसाने चोखोबांना बाहेर ठेवले, तीच कूस ते आपल्या हातांनी बांधीत होते, आणि तीच त्यांच्या अंगावर पडली!

दोन्ही संत दाराबाहेर, अवघ्या काही पावलांच्या अंतरावर. पण एकाने ती जागा नम्रतेने निवडली आणि दुसऱ्याला ती जगाने दिली. आम्ही कीर्तनातून दोघांचा जयजयकार करीत आलो, तरी दार मात्र शतकानुशतके तसेच राहिले. मे १९४७ मध्ये पूज्य साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडले, तेव्हा कोठे ते दार सर्वांना मोकळे झाले. जे काम अभंग गाणाऱ्यांनी आपण होऊन करावयास हवे होते, त्यासाठी एका सत्पुरुषाला प्राण पणाला लावावे लागले. हा दोष दुसऱ्या कोणाचा नाही, आपलाच आहे.

नामदेवराय पंजाबातही गेले. त्यांची एकसष्ट पदे गुरु ग्रंथसाहिबात आहेत. तो ग्रंथ प्रथम १६०४ साली अमृतसरच्या हरिमंदिरात ठेवला गेला, आणि त्या मंदिराला चार दिशांना चार दारे आहेत. शिवाय तेथे पायऱ्या चढून नव्हे, उतरून जावे लागते. आपल्याच जिल्ह्यात कळंबच्या चिंतामणीकडे जातानाही आपण जमिनीच्या पातळीखाली उतरतो. देवाकडे जाताना माणसाने खाली यावे, हे दगडाला साधले आहे. आम्हांस साधले का?

मग देऊळ बांधावे कसे?

आता वाडीच्या मंडळींना उत्तर देतो. नवे बांधू नये, सिमेंट वापरू नये, असे आमचे म्हणणे नाही. मातीच्या भिंतींना दरसाल हात लागतो, आणि ते कष्ट बहुधा बायकांच्याच वाट्याला येतात. स्लॅबने ते वाचत असतील तर स्लॅबही चांगला. परंतु पाडण्यापूर्वी बैठकीत या पाच गोष्टी विचाराव्यात :

१. जोते कशासाठी उंच? पावसाचे पाणी शिरू नये इतके जरूर असावे. पण केवळ शोभेसाठी दहा पायऱ्या केल्या, तर गुडघे दुखणारी म्हातारी खालूनच हात जोडील. निदान एका बाजूस उतरता मार्ग आणि धरायला कठडा ठेवावा.

२. जाळीचे दार कोठे? रात्री देवाच्या संरक्षणासाठी गाभाऱ्याला कुलूप असावे. मंडपाला कुलूप लागले की देऊळ आरतीपुरते उरते.

३. ओसरी आहे का? पायी दिंडी मुक्कामास आली, अचानक पाऊस आला, दुपारी पोथी ऐकायला बायका जमल्या, तर त्यांनी बसावे कोठे? वऱ्हाडच्या उन्हात नुसत्या स्लॅबखाली बसवत नाही. जाड भिंत, आडवा वारा आणि सावलीची ओसरी हे आपल्या वाडवडिलांनी अनुभवाने काढलेले उपाय आहेत.

४. जुने बांधकाम दगडी, हेमाडपंती असेल तर त्याला हात लावण्यापूर्वी जाणकाराला आणि पुरातत्त्व खात्याला विचारावे. तैलरंगाचे थर देऊ नयेत. खुद्द पंढरीस २०२४ साली गाभाऱ्यात मागाहून बसविलेले ग्रॅनाइट काढून जुना दगड मोकळा करावा लागला. आधी खर्चून झाकायचे आणि मग खर्चून उघडायचे, असे आपण का करावे?

५. आणि सर्वांत महत्त्वाचे : बैठकीला कोण आले होते? गावाच्या प्रत्येक वस्तीतले माणूस होते काय? वर्गणी सगळ्यांची आणि मत चौघांचे, असे तर नाही ना? नावे कोरायची असतील तर पाच हजारांचे नाव आणि पाच रुपयांचे नाव एकाच अक्षरात कोरावे. काल्याच्या दिवशी पंगत एकच असावी, आणि ती बसेल एवढे अंगण नकाशात असावे.

या पाचांची उत्तरे मिळाली की देऊळ निम्मे बांधून झाले असे समजावे. कारण आषाढीच्या वाटेवर आम्ही वारकरी दरसाल एक गाव उभे करतो, राहुट्यांचे, आणि सकाळी ते उचलून पुढे जातो. त्या गावाला कूस नसते, वेस नसते. कोण कोणाच्या शेजारी निजला हे कोणी विचारीत नाही. वर्षातून काही दिवस जे आपल्याला कापडाच्या गावात जमते, ते दगडाच्या गावात बाराही महिने जमावे, एवढेच मागणे आहे.

बोरी अरबहून निघताना त्या माउलीने पुन्हा विचारलेच, "मंग ओसरीचं काय सांगता, महाराज?" आम्ही वाडीच्या गृहस्थांकडे पाहिले. ते किंचित ओशाळले आणि म्हणाले, "नकाशा अजून पक्का नाई झाला. उद्याच्या बैठकीले आजी, तुमी बी या."

आजी म्हणाल्या, "येतो ना. पण बैठक खालीच ठेवजा, माझ्यानं चढवत नाई."

वाचकहो, आपापल्या गावच्या देवळाच्या दारात एकदा उभे राहावे. तेथून आत कोण जातो, बाहेर कोण थांबतो, आणि का थांबतो, ते पाहावे. उंबरठा साक्ष देईल. ती ऐकण्याची बुद्धी विटेवरचा मायबाप आपणां सर्वांस देवो.

रामकृष्णहरी!