गोठलेल्या धबधब्याला हात लावण्याआधी

ठाण्यातल्या टेंभी नाक्याच्या आम्हा आरोहकांचे पाय मुंब्र्याच्या कातळावर तयार झाले. पुढे माहुलीचे सुळके, जीवधनचा वानरलिंगी. बेसाल्टची खोबण आज जिथे आहे तिथेच पुढच्या वर्षीही सापडते. बर्फाच्या भिंतीचं तसं नसतं, आणि ते फेब्रुवारीत हिमाचलमधल्या लाहौलमध्ये मी डोळ्यांनी पाहिलं.

2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही मनालीहून लाहौलमधल्या सिस्सूकडे जाता येतं. आम्ही पोहोचलो तेव्हा पश्चिमी विक्षोभ येऊन गेला होता. रात्री ढगाळ आणि उबदार गेल्या, मग आभाळ निवळून एकदम कडाका पडला. सकाळी धबधबा निळा, टणक दिसत होता. पण आइस ॲक्स (बर्फाची कुदळ) मारली की ढोलासारखा पोकळ आवाज येई. आमच्या म्होरक्याने दोर अडकवायचा पोकळ नळीचा आइस स्क्रू बर्फात फिरवला, तर नळीतून पाणी आलं. त्याने तिथेच थांबायचं ठरवलं. दुपारी ऊन आलं आणि शेजारचा लोंबता खांब मुळापासून कोसळला.

म्हणून जाणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. त्या क्षणाचं तापमान पाहून निर्णय घेऊ नका. मागच्या चार-पाच रात्री कशा गेल्या ते गावकऱ्यांना विचारा. ढगाळ रात्री जमिनीची उष्णता अडकून राहते आणि बर्फ पुन्हा नीट गोठत नाही. मग पायथ्याशी गप्प उभे राहून कान द्या. बर्फामागे पाणी वाहत असेल, तर कातळाशी बर्फाची पकड सुटत चालली असू शकते. कडेला फट दिसली तर तीच खूण.

उबेनंतर अचानक कडाका पडला म्हणून निर्धास्त होऊ नका. थंडीने बर्फ आक्रसतो, ताणला जातो. वर-खाली जखडलेले खांब अशा वेळी एका घावानेही तडकू शकतात. आडवी भेग दिसलेल्या खांबाखाली बिलेला, म्हणजे साथीदाराचा दोर सांभाळायलाही, उभे राहू नका. स्क्रू घालताना नळीतून सलग, घट्ट बर्फ बाहेर यायला हवा. उन्हात स्क्रूचा धातू तापून भोवतालचा बर्फ वितळवतो, म्हणून त्यावर बर्फ थापा. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंती आधी बिघडतात.

नजर वरच्या उतारावरही हवी. धबधब्याची घळ हीच अनेकदा हिमस्खलनाची वाट असते. चंडीगडच्या डीजीआरई या संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशारा वाचूनच निघा आणि ऊन येण्याआधी खाली उतरा.

सर्वांत मोठा धोका मोजक्या रजेचा. इतक्या लांब आलो, आता चढूनच जाऊ, हा विचार भल्याभल्यांना वर ओढतो. राखीव दिवस ठेवा, दुसरा बेत तयार ठेवा. न चढण्याचे निकष निघण्यापूर्वीच सर्वांनी मान्य करा आणि गटातला एकजण जरी नको म्हणाला, तरी दोर गुंडाळा.