चपला घालताना नव्हे, बैठकीतच



आमच्या लघु ख्रिस्ती समूहाच्या बैठकीत एकदा एक भगिनी चाचरत म्हणाल्या, “दुसऱ्या पाळीला जाणाऱ्यांसाठी महिन्यातून एक प्रार्थना सकाळी ठेवली तर?” कोणी काही बोलले नाही. पुढचा विषय सुरू झाला. नंतर दारात चपला घालताना मात्र चौघीजणी त्यांना म्हणाल्या, “बरं बोललात हो, आमच्याही मनात तेच होतं.” त्यांतल्या एकीचे यजमान वाळूजला दुसऱ्या पाळीलाच होते! पुढच्या दोन बैठकांना त्या भगिनी आल्या नाहीत. त्या दिवशी मीही गप्पच होतो.

आपण म्हणतो, मौन म्हणजे संमती. बोलणाऱ्याला मात्र ते मौन नकारासारखे लागते. कीर्तनात बुवांनी चरण म्हटला की मागचे टाळकरी ध्रुवपद उचलून धरतात. ते गप्प राहिले तर कितीही गोड गळ्याचे बुवा एकटे पडतील. पैठणच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आपल्याला हे कोणी शिकवायला नको.

प्रेषितांची कृत्ये ९:२६-२७ काढून पाहा. शौल यरुशलेमात आला तेव्हा शिष्य त्याला भीत होते. तो खरोखर शिष्य झाला आहे यावर कोणाचा विश्वास बसेना. तेव्हा बर्णबा त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला. ‘माणूस चांगला आहे’ एवढ्यावर त्याने भागवले नाही. शौलाला वाटेत प्रभूचे दर्शन कसे झाले, दमास्कसमध्ये तो येशूच्या नावाने किती धैर्याने बोलला, हे त्याने सर्वांसमोर सांगितले. दुजोरा द्यावा तर असा: काय पटले आणि का पटले, हे सांगणारा. आणि बर्णबा काही होयबा नव्हता. पुढे मार्कला सोबत न्यायचे की नाही यावरून त्याचा पौलाशीच कडाक्याचा वाद झाला (१५:३६-३९).

ऑक्टोबर २०२३ मध्ये रोमच्या सिनोडमध्ये सभासद गोल टेबलांभोवती बसले होते. पहिल्या फेरीत प्रत्येकाने आपले म्हणणे मांडायचे, मग थोडा वेळ शांतता, आणि दुसऱ्या फेरीत इतरांच्या बोलण्यातले काय मनाला भिडले ते सांगायचे, अशी पद्धत होती. आपल्याला अवघड जाते ती ही दुसरी फेरी. समोरचा बोलत असताना आपण मनात आपलेच वाक्य जुळवत असतो.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघे त्या भगिनींच्या घरी जाऊन आलो. चहा झाला, थोडे रुसवेफुगवेही निघाले. सकाळच्या प्रार्थनेचा विषय येत्या बैठकीत पुन्हा येईल. मांडणार त्याच, अनुमोदन माझे.