ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरचे डिझेल : मुंबई शहरापासून घेण्याजोगे तीन धडे

उसाचा हंगाम सुरू झाला की आमच्या सभासद बंधूंकडून एक प्रश्न हटकून येतो. ट्रॉली जोडली की ट्रॅक्टर दमतो आणि डिझेल मात्र बेसुमार खातो. तर मिस्त्रीकडून पंप ‘वाढवून’ घ्यावा की काय? वाहतुकीचा मोबदला टन आणि अंतर यांवर ठरतो, डिझेल मात्र पदरचे घालावे लागते. खेपेमागे दोन लिटर अधिक जळाले, तर शंभर खेपांच्या हंगामात दोनशे लिटर धुरावाटे गेले. सबब प्रश्न क्षुल्लक नव्हे. आमचे उत्तर मात्र ‘वाढवू नये’ असे आहे. त्याची कारणे समजण्यास मुंबई शहराच्या जुन्या वाहतुकीकडे आणि गिरण्यांकडे पाहणे उपयोगी पडेल. कारण कमी खर्चात जास्त ओझे ओढण्याचा आणि सरपण पुरते जाळण्याचा खटाटोप तेथे फार पूर्वीपासून चालत आला आहे.

पहिला धडा : ओझ्यापेक्षा विरोध पाहावा

मुंबईत ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक-दोन घोडे डबाभर उतारू घेऊन कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत जात. त्या घोड्यांच्या अंगी काही विलक्षण बळ होते असे नाही. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरताना विरोध अत्यल्प होतो, हे त्यातील इंगित. तोच डबा चिखलात उतरविला असता, तर त्याच घोड्यांना तो जागचा हलविता आला नसता.

हाच हिशेब आपल्या ट्रॉलीस लावून पाहू. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि ऊस मिळून वजन १० टन धरावे. चांगल्या डांबरी रस्त्यावर ओढ वजनाच्या शेकडा २ च्या आसपास, म्हणजे २०० किलो लागते. मऊ पाणंदीत ती शेकडा १० पर्यंत, म्हणजे १,००० किलोपर्यंत चढते. २० फुटांस १ फूट असा चढ लागला की ५०० किलोंची आणखी भर पडते. ताशी २० किलोमीटर वेगाने सपाट डांबरी रस्त्यावर चाकांपाशी सुमारे १५ अश्वशक्ती पुरते. त्याच वेगाने तो चढ चढावयाचा तर ५२ लागतील. ४५ अश्वशक्तीच्या यंत्रास हे जमणार नाही. परंतु खालचा गिअर घेऊन वेग १० किलोमीटरवर आणला, की तेच काम २६ अश्वशक्तीत होते. म्हणजे चढावर उणीव डिझेलची नसून गिअर बदलण्याची असते.

यास्तव प्रथम ट्रॉली तपासावी. टायरांत हवा ठरल्याप्रमाणे आहे काय? चाक जॅकवर उचलून हाताने फिरविले असता मोकळे फिरते काय? ब्रेक घासत तर नाही? चार-पाच किलोमीटर जाऊन थांबावे आणि हात जपून प्रत्येक चाकाच्या तुंब्याजवळ न्यावा. एक तुंबा इतरांपेक्षा तापलेला आढळला, तर त्याच्या बेअरिंगला वंगण नाही किंवा ते आवळले गेले आहे. आपल्या डिझेलचा काही भाग तेथे निष्कारण उष्णता होऊन जात आहे, असे समजावे.

दुसरा धडा : भार कोठे टेकतो

१९६७ च्या सुमारास बेस्टने मुंबईत एक निराळ्या धर्तीची दुमजली बस आणली होती. तीत इंजिनाचे डोके वेगळे आणि उतारूंची दुमजली पेटी वेगळी असे. पेटीचे पुढचे टोक डोक्याच्या मागील चाकांवर टेकलेले असे. त्या बसेस पुढे बंद झाल्या. तथापि त्यांच्या जोडणीतील तत्त्व ध्यानी ठेवण्याजोगे आहे. ओढणाऱ्या चाकांवर भार असेल तरच ती जमिनीस धरतात; नाही तर जागीच घसरतात, आणि घसरलेल्या प्रत्येक फेऱ्याचे डिझेल वाया जाते.

दोन चाकी ट्रॉलीत माल किंचित पुढे भरला, तर हुकावर काही भार येतो आणि मागील चाकांची पकड वाढते. परंतु येथे तारतम्य हवे. भार फार झाला तर ट्रॅक्टरचे पुढचे अंग हलके होऊन सुकाणू ऐकत नाही, आणि चढावर तोंड उचलले जाण्याचा धोका संभवतो. माल मागे भरला, तर उलट हुकच वर उचलला जातो. ट्रॉली ट्रॅक्टरच्या ठरीव हुकासच जोडावी. त्याहून उंच ठिकाणी साखळी बांधून ओढणे जिवावर बेतते.

तिसरा धडा : धूर वाचावा

परळ-लालबाग भागांतील गिरण्यांच्या चिमण्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांस काळा धूर काय ते सांगणे नको. १९१२ साली मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करावा लागला. काळा धूर म्हणजे पुरता न जळलेला कोळसा, म्हणजे मालकाचाच पैसा, हे त्यामागील शास्त्र. आज त्या गिरण्यांपैकी बहुतेक बंद आहेत. परंतु त्यांच्या चिमण्यांचा धडा ट्रॅक्टरच्या धुराड्यास जसाच्या तसा लागू पडतो.

एक लिटर डिझेल पुरते जळण्यास निदान दहा हजार लिटर हवा लागते. हवा कमी पडली की धूर काळा होतो. म्हणून काळा धूर दिसताच आधी एअर फिल्टर पाहावा. तेलाचा असेल तर तेल बदलून खुणेपर्यंत भरावे. कागदी असेल तर जपून झटकावा, फाटला वा फार चोंदला असेल तर बदलावा. त्यानंतर नोझल तपासून घ्यावे. त्याची फवार बारीक न उडता धार लागत असेल, तर डिझेल जळत नाही. ओझे क्षमतेपेक्षा अधिक आहे काय, हेही पाहावे. धूर निळसर असेल तर इंजिनातील तेल जळत आहे. आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर टिकला, तर डिझेलची फवार अवेळी पडणे, दाब कमी असणे किंवा आत पाणी जाणे, यांपैकी काही कारण असावे.

आता पंपाचे उत्तर सहज निघते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढविले, तर ओढ थोडी वाढल्याचा भास होतो. परंतु जादा डिझेलाचा मोठा भाग काजळी होऊन जातो, पिस्टन व झडपा अधिक तापतात आणि न जळलेले डिझेल खाली उतरून वंगण पातळ करते. चार खेपांची सोय आणि हंगामाअखेर इंजिन उघडण्याचा खर्च, असा हा व्यवहार आहे. पंपाचे सील मोडू नये. शंका असल्यास तपासणीचे यंत्र असलेल्या कारखान्यातच पंप व नोझल न्यावे.

हाकण्याविषयी दोन शब्द

रिकाम्या परतीच्या खेपेस वरचा गिअर घालून हातथ्रॉटल कमी ठेवावा. मात्र इंजिन काळा धूर टाकू लागले वा धापा टाकू लागले, तर गिअर खाली घ्यावा. उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे ही काटकसर नव्हे. गिअरमध्ये थ्रॉटल बंद असता उतारावर पंप जवळजवळ डिझेल देतच नाही आणि इंजिनच गाडी आवरते. न्यूट्रलमध्ये इंजिन डिझेल खाते आणि मागची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते. रस्त्यावर दोन्ही ब्रेकपेडल जोडूनच ठेवावीत. कारखान्याच्या रांगेत इंजिन घुरघुरत ठेवू नये.

शेवटी, अंदाजावर न जाता मोजावे. टाकी तोंडोतोंड भरून निघावे, खेप करून परत येताच मापाने पुन्हा तितकीच भरावी, आणि वजनकाट्याच्या पावतीवरील टन, अंतर व लिटर वहीत मांडावेत. एकेका दुरुस्तीनंतर त्याच रस्त्यावर हेच करावे. आपला पैसा कोणत्या चाकात, कोणत्या फिल्टरात वा कोणत्या सवयीत जिरत होता, हे मिस्त्रीपेक्षा ती वहीच शेतकऱ्यास अधिक खरेपणाने सांगेल.