जावेचं ताट वेगळं कशाला?

प्रश्न : माझ्या धाकट्या जावेला एचआयव्ही आहे. सासूबाईंनी तिचं ताट वेगळं केलंय. माझी मुलं तिच्याच अंगाखांद्यावर असतात. धोका आहे का?

उत्तर : नाही. उष्टं, मिठी, डास, संडास यांतून एचआयव्ही पसरत नाही. असुरक्षित शरीरसंबंध, दूषित रक्त किंवा सुई आणि आईकडून बाळाला, या त्याच्या वाटा. ब्लेड तेवढं वेगळं ठेवा. दिरांची तपासणी झाली का? सगळं घर ताटाकडे बघत बसतं आणि नेमकं हेच राहून जातं! एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, म्हणजे एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. त्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. सासूबाईंना १०९७ या मोफत हेल्पलाइनवर स्वतः बोलू द्या.